मारामारी चालू असताना गुळाचा भाव

सरकारने पोसलेले दोन मारेकरी म्हातारे होऊन निवृत्त होतात आणि त्यांना पुन्हा कामावर बोलावलं जातं, असा एक सिनेमा मी मध्यंतरी कोथरूडला पाहिला. तिकिटाला माझे पैसे पडले असते तर गेलोच नसतो. पण बायको म्हणाली, "अहो, शेजारणीने जास्तीची तिकिटं दिलीत, चला." फुकट म्हटल्यावर मी चप्पल घातली. आत जाऊन बसतोय तोच शेजारच्या खुर्चीत 'तो' येऊन बसला, त्याच्या पलीकडे त्याची बायको. दोघी बायका एकमेकींकडे बघून हसल्या. शेजारणीचा या तिकिटांशी काही संबंध नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो म्हणजे शनिवार पेठेतला किराणा दुकानदार. मी वऱ्हाडातून आलो तेव्हा मार्केट यार्डात पोती उचलत होतो. त्यातून पुढे स्वतःचा गाळा घेतला, गुळाचा ठोक व्यापार उभा केला, आणि माझी पहिली ढेप घेतली ती याने. घेताना म्हणाला, "गूळ आहे की मीठ?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

तेव्हा भाव तोंडाने ठरत नसे. मोठा रुमाल हातांवर टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. काय ठरलं ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. तरीही बाजारातली माणसं रुमालाच्या हालचालीवरून अंदाज बांधत. म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जायचो. खालच्या वर्गाची तिकिटं काढायची, आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली की याने रुमाल काढायचा. सगळं थिएटर नायकाच्या ठोशांकडे बघत असायचं. गुंड काचेच्या कपाटावर आदळेपर्यंत आमचा आठवड्याचा गूळ ठरलेला असायचा. मी जास्त सांगायचो, तो कमी. तो माझं बोट इतकं पिरगाळायचा की बाहेर आल्यावर मला चहाचा कप धरवत नसे. किती सिनेमांचे शेवट मी असे धड पाहिलेच नाहीत. चाळीस वर्षांत माझा पहिला आकडा त्याने एकदाही मान्य केला नाही. मला माणूस आवडायचा तो त्यासाठीच.

आणि याच माणसाने, दोन वर्षांपूर्वी, माझ्याच गाळ्यात, माझ्याच हमालांसमोर माझ्या मुलाला सांगितलं, "आता याला घरी बसव. याला ऐकू कमी येतं म्हणून हा ओरडतो, आणि हा ओरडतो म्हणून गिऱ्हाईक पळतं." मुलगा खाली मान घालून हसला. मी किल्ल्या फेकल्या आणि निघालो. पुन्हा ना गाळ्यावर गेलो, ना याच्याशी बोललो. वर्षभरात यानेही दुकान भाच्याला दिलं, असं कानावर आलं. तरीही माझ्या दारात आला नाही. आधी त्याने यायचं होतं. माझं आजही तेच म्हणणं आहे.

मी उठून जाणार होतो. पण रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागले असते, आणि खरं सांगायचं तर सिनेमा सुरू झाला आणि मला हसू यायला लागलं. एक म्हातारा मारेकरी सोसायटीच्या बागेत गुलाब लावतो, दुसरा ज्येष्ठ नागरिकांना प्राणायाम शिकवतो. दोघांचं जुन्या कामावरून बिनसलेलं. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, निरोप डॉक्टरमार्फत पाठवतात. ते बघून माझ्या शेजारी बसलेला हा एकदा घशातल्या घशात हसला. मी माझं हसू गिळलं.

शेवटची मारामारी लग्नाच्या हॉलमध्ये होती. म्हातारे झारा आणि पळी घेऊन गुंडांना लोळवतायत, भटजी मंगलाष्टकं थांबवत नाहीत. मध्येच एकाची रक्तदाबाच्या गोळीची वेळ होते, तर ज्याला तो मारत असतो तोच गुंड त्याला पाणी आणून देतो. गोळी गिळून झाल्यावर म्हातारा त्यालाच जिलेबीच्या कढईकडे ढकलतो. सगळं थिएटर किंचाळत होतं. मीही डोळे पुसत होतो.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर रुमाल पडला. तोच चौकड्यांचा, धुऊन धुऊन विरलेला. त्याखाली त्याचा हात. त्याने माझं एक बोट हलकेच ओढलं, म्हणजे भाव सांग.

कसला भाव? गूळ त्याच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. मी हात काढून घेणार होतो. मग रागाने असा आकडा दाबला की सोनारानेही लाजावं.

त्याने लगेच माझी मूठ दाबली. मान्य.

माझं डोकंच फिरलं. "हा काय सौदा झाला?" मी ओरडलो.

"काका, हळू," पुढच्या रांगेतून आवाज आला.

"देतोय ना तुझा भाव? घे मुकाट्याने," तो म्हणाला.

"मला भीक नको तुझी."

"मग काय हवंय, वऱ्हाडी?"

"नाही म्हण!"

"नाही."

"असं नाही. नीट म्हण."

त्याने रुमाल सारखा केला. मग त्याने माझं मधलं बोट असं पिरगाळलं की कळ खांद्यापर्यंत गेली, आणि असा आकडा दिला की त्यात रिकामं पोतंसुद्धा आलं नसतं. मी तीन बोटं चढलो, तो एक सरकला. पडद्यावर हॉलला आग लागली की नवरी पळाली, मला माहीत नाही. दिवे लागले, झाडणारी माणसं आली, बायको म्हणाली, "अहो, उठा आता, लोक बघतायत." भाव ठरला नव्हता.

बाहेर जिन्यावर रुमालाची घडी घालत तो म्हणाला, "माल बघितल्याशिवाय मी पुढे सरकणार नाही. नमुना घेऊन ये घरी."

चुकलं असं तो एका शब्दाने म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर गेलो. मुलगा गादीवरून उठून उभा राहिला. "बाबा, काय झालं?"

"नमुना दे."

"कुणासाठी?"

"गिऱ्हाईक आहे माझं."

त्याने वरची ढेप उचलली. मी ओरडलो, "वरची नको! खालच्या थरातली काढ!" दोन हमाल वळून हसले. यावेळी मी काही फेकलं नाही.

गूळ कागदात बांधून मी रिक्षात बसलो. तो तोंडात टाकेल आणि खारट आहे म्हणेल. म्हणू दे. मग मी बघतो त्याच्याकडे.