किल्लीवाल्यांचा दंड

एका दुकानाचं कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. किल्लीवाल्यांनी नेहमीसारखा जोर लावला आणि काडकन आवाज झाला. त्यांना वाटलं, किल्ली तुटली. पण किल्ली शाबूत होती. मोडलं होतं ते दंडाचं हाड.

पस्तीस वर्षं लोकांची कुलपं उघडणारा हा गप्पिष्ट माणूस दवाखान्यातही म्हणाला, "आज कुलूप जिंकलं बरं का!" बायको हसली नाही. त्याआधी दोन महिने दंड ठणकत होता, नि ती रोज कानीकपाळी ओरडत होती, दाखवून या म्हणून.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हाड आतून पोखरलं होतं. मूळ दुखणं फुप्फुसात आहे. कॅन्सर. तिथून तो हाडात पसरलाय."

"अहो, हात मोडलाय माझा! खोकला नाही, काही नाही. उभ्या आयुष्यात विडीला शिवलो नाही मी."

"न ओढणाऱ्यांनाही होतो, काका."

पुढचं त्यांच्या कानात शिरेचना. बाईंचे ओठ तेवढे हलत होते. बायकोनं पिशवीतला जुना लिफाफा काढला आणि पाठीमागे लिहायला घेतलं.

"बरा होईल?" तिनंच विचारलं.

"समूळ जाणार नाही. पण आवरता येईल."

आधी दंडात सळई घालायची. जखम भरली की तिथे किरणांचा शेक, दुखणं कमी व्हायला. हाडं टिकावीत म्हणून इंजेक्शन, पण त्याआधी दात तपासून घ्यायचे. तपासायला गाठीचा जो तुकडा काढला होता, त्याची जनुकीय तपासणी होईल. त्यात ठरावीक बदल सापडला तर रोज एक गोळी, नाहीतर केमो किंवा प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध.

"दात?" किल्लीवाले एकदम भानावर आले. "दातांचा काय संबंध?"

एवढं सगळं ऐकून त्यांना तेवढंच विचारायचं सुचलं. दात खराब असले तर त्या इंजेक्शननं जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते, बाईंनी सांगितलं. बाहेर बाकावर मात्र त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "अगं, दुसऱ्या कुणाचा कागद असेल. नाव नीट बघ ना." तिनं चारदा बघितलं. नाव त्यांचंच होतं.

तपासणीत तो बदल सापडला आणि गोळी सुरू झाली. अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, पण तीन महिन्यांनी फुप्फुसातली गाठ निम्मी झाली. ठणका थांबला. ते पुन्हा दुकानात बसू लागले. जड कामं आता पुतण्या करतो.

"किती दिवस चालेल ही गोळी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"चालेल तोवर. थांबली की दुसरं बघू."

पण अजूनही गोळी हातात घेतली की ते थबकतात. "ही माझी?" म्हणतात.

"तुमचीच," बायको म्हणते, आणि पाण्याचा पेला पुढे करते.