उपासाचं मीठ

किडनीच्या पेशंटची गोष्ट म्हटलं का तुम्ही रुमाल काढून बसले असान. ठेवा परत खिशात. आमच्या शेजारच्या काकाजीनं मले रडवलं कमी, तापवलंच जास्त.

पंचायत समितीतून रिटायर झालेले बाबू. हातात फराळी चिवड्याचं पाकीट आलं का आधी कानाजवळ नेऊन खुळखुळ वाजवत, मंग एका डोळ्यानं काकूकडे पाहत आन् म्हणत, "उपासाचं हाय. चालते." ही नक्कल मी धामणगावात चौकाचौकात करायचो. लोक पोट धरून हसत.

बुलडाण्याच्या डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, "मीठ कमी केलं नाही तर डायलिसिस लागेल. पाकिटातलं खारं तर बंदच."

काकाजीनं वरणातलं मीठ सोडलं, लोणचं सोडलं, पापड सोडला. मी म्हटलं, वा! मंग पाह्यतो तं माणूस एकाएकी लय धार्मिक झालेला. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. आन् प्रत्येक उपासाले पाकिटातला फराळी चिवडा.

"काकाजी, ह्याच्यात मीठ हाय ना?"

"अबे, शेंदेमीठ हाय ते. ते मिठात धरत नाही. देवाले चालते, मंग किडनीले काऊन नाही चालणार?"

"देवाले किडनी हाय काय?"

"तू लय बोलतं बे!"

खरा राग मले त्या पाकिटाचा. समोरून समईचा फोटो, 'सेंधा नमक' हे एवढ्या अक्षरात. आन् मिठाचा आकडा मागं, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत. अबे, देव समोर छापता, मंग मीठ काऊन लपवता? वरून त्याची लडी टांगलेली कुठं? दवाखान्याच्या गेटवरच! आत डॉक्टर म्हणते सोडा, बाहेर दुकानदार म्हणते घ्या.

काकू ज्वारीच्या लाह्यायले मीठ न घालता लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन वरून लिंबू पिळे. मी वाटीभर हाणायचो. काकाजी चार दाणे चावून म्हणत, "चांगल्या हायेत. पण पाकिटावानी वाजत नाहीत."

पाय सुजले, चप्पल चढेना. डायलिसिस सुरू झालं. तरी एकादशी चुकली नाही. मंग एक दिवस काकाजीच गेले.

तेरवीले कावळ्याच्या पानावर वडे, भात, खीर, आन् कडेले तेच पाकीट. माहं टाळकं सटकलं. "ह्यानंच तं खाल्लं त्यायले!" म्हणत मी ते उचललं. पण हात सवयीनं कानाजवळ गेला. खुळखुळ. आन् तोंडातून त्यायच्याच आवाजात निघालं, "उपासाचं हाय. चालते."



काकू ताडकन उठली. "ठेव खाली! जित्तेपणी म्या त्यायच्या हातातून हिसकलं, आता तू पानावरून हिसकतं काय? आन् नक्कल बी धड येत नाही मेल्या तुले! बोलायच्या आधी ते माह्याकडे पाहत होते."