गेट दोन की गेट तीन

“मॅडम, आमची मनीषा एवढी बारीक कशी झाली?”

फोनवर मुकादम साहेब होते. मी कोपरखैरण्याला घरी, कॉम्प्युटरसमोरच बसले होते. माझ्या स्क्रीनवर तीच मनीषा अगदी व्यवस्थित दिसत होती. मग मी त्यांच्या कंपनीची वेबसाइट उघडली. तिथं दोन बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मधे दाबल्यासारखी, लांबुडक्या चेहऱ्याची मनीषा.

मुकादम साहेब तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. तिथं पॅकिंगमधल्या अकरा जणांना ऐकू येत नाही. गॅस गळला की बाकीच्यांसाठी भोंगा वाजतो, यांच्यासाठी लाल दिवा फिरतो. पण दिवा फिरल्यावर जायचं कुठं, ते वाऱ्यावर ठरतं. वारा एका बाजूचा असेल तर गेट दोन, दुसऱ्या बाजूचा असेल तर गेट तीन. चुकीच्या गेटकडे गेलं तर माणूस गॅसमध्येच चालत जाणार. हे सगळं खुणांच्या भाषेत सांगणारा चार मिनिटांचा व्हिडिओ मी बनवला होता. खुणा करणारी मनीषा म्हात्रे त्या अकरांपैकीच एक. वेबसाइटवर टाकला की प्रत्येकाला आपल्या फोनवर हवा तेव्हा बघता येईल, असा बेत होता. शुक्रवारी कंपनीत मॉक ड्रिल होतं. हा फोन आला सोमवारी.

मी वीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. तुर्भ्याचा आमचा स्टुडिओ बंद झाला, तेव्हापासून घरूनच, साध्या घरगुती सॉफ्टवेअरवर एडिटिंग करते. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्यायचा, लोक टीव्हीवर बघतात, विषय संपला. वेबसाइटसाठी एक्सपोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या सगळ्या तुकड्यांची एक फाइल करणं, हे मी क्वचितच केलं होतं.

“चालेल तशी,” मुकादम साहेब म्हणाले. “बारीक दिसली तर काय, हात तर कळतायत.”

मला ते पटत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्क्रीन भरा’ असा एक पर्याय दिसला. तो निवडला, परत एक्सपोर्ट केलं, पाठवून दिलं. काळ्या पट्ट्या गेल्या. मुकादम साहेबांचा मेसेज आला, “एक नंबर.” मीही खूश.

तासाभरानं मनीषाचा मेसेज आला. “ताई, माझा हात वर गेला. दिसत नाही. वारा कुठे?”

मी व्हिडिओ लावला. कंपनीच्या छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आहे. ती सांगायला मनीषा हात डोक्याच्या वर नेऊन वळवते. माझ्या नव्या फाइलमध्ये चित्र मोठं झालं होतं आणि वरचा भाग कापला गेला होता. सगळ्यात महत्त्वाची खूणच गायब. मला फार लाज वाटली. मी ते नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

मग मात्र मी मूळ कारण शोधायला बसले. चित्र ठिपक्यांचं बनतं. नव्या कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपका चौकोनी असतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तो आडवा, लांबट असतो. त्यामुळे कमी ठिपक्यांत रुंद चित्र मावतं. माझ्या कॉम्प्युटरला हे माहीत होतं, म्हणून तो चित्र रुंद करून दाखवत होता. वेबसाइटला ते माहीत नव्हतं. ती लांबट ठिपक्यांना चौकोनी समजत होती, आणि मनीषा बारीक होत होती. उपाय साधा निघाला. एक्सपोर्ट करतानाच ठिपके चौकोनी करायचे आणि मापं स्वतः भरायची, रुंदी बाराशे ऐंशी, उंची सातशे वीस. पूर्ण रुंद चित्र आलं, वरच्या हातासकट.

पण फाइल जड झाली. वेबसाइट वीस एमबीच्या वरचं काही घेत नव्हती, आणि तो नियम बदलणं मुकादम साहेबांच्या हातात नव्हतं. मी सॉफ्टवेअरमधलं ‘वेबसाठी हलकी फाइल’ हे तयार बटण वापरलं. या वेळी आधी मनीषाला पाठवलं.

तिनं एकच ओळ लिहिली. “गेट २ की ३?”

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. त्या बटणानं त्यातली निम्मी काढून टाकली होती. बोलणाऱ्या माणसाचं त्यात फार बिघडत नाही. मनीषा मात्र गेटचा नंबर बोटांनी दाखवते, आणि तेही हात हलवता हलवता. दोन बोटं आणि तीन बोटं सारखीच फिसकटलेली दिसत होती.

बुधवारी मुकादम साहेबांचा फोन आला. “मॅडम, मॅनेजर बोलतात, खाली अक्षरं टाका आणि सोडून द्या.”

मी मनीषाला विचारलं. तिनं लिहिलं, “आमच्यात चार जणांना वाचता येत नाही.”

मी साहेबांना सांगितलं, “परत शूटिंग करायचं. उद्या सकाळी अर्धा तास द्या.”

“आता? परवा ड्रिल आहे.”

“म्हणूनच उद्या.”

पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवली की फाइल वीस एमबीत बसत नव्हती, आणि त्याचं कारण मला सापडलं होतं. फाइल हलकी करताना सॉफ्टवेअर जे हलत नाही ते एकदाच साठवतं, आणि जे हलतं ते पुन्हा पुन्हा. आम्ही शूटिंग केलं होतं कंपनीच्या बागेत. मागं झाडं, झाडांना वारा. वीस एमबीतली बरीचशी जागा पानं खात होती आणि बोटांच्या वाट्याला काही उरत नव्हतं. बाग मीच निवडली होती, छान दिसते म्हणून.

गुरुवारी मनीषाला गोडाउनच्या साध्या करड्या भिंतीसमोर उभं केलं. तिनं चार मिनिटं न चुकता खुणा केल्या, मग स्वतःच मान हलवून पुन्हा एकदा केल्या. दुसरा टेक जास्त स्वच्छ होता. घरी येऊन मी चित्राचं माप थोडं लहान केलं, पण सेकंदाची पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवली. अठरा एमबी. दुपारी फाइल वेबसाइटवर चढली. मनीषानं ती तिच्या फोनवर पाहिली आणि मला स्वतःच्या हाताचा फोटो पाठवला. तीन बोटं.

शुक्रवारी मी ड्रिल बघायला गेले. दिवा फिरला, भोंगा वाजला. पॅकिंगमधून ते अकरा जण बाहेर आले, वर छताकडे बघितलं आणि सरळ गेट तीनला जाऊन उभे राहिले. ऐकू येणारे ऑफिसमधले सहा जण गेट दोनला सापडले.

“मॅडम,” मुकादम साहेब म्हणाले, “यांच्यासाठी पण एक बनवायला लागेल.”

एक्सपोर्ट झालं की सॉफ्टवेअर ‘पूर्ण’ असं दाखवतं. त्याचा अर्थ फाइल तयार झाली, एवढाच. आता मी ती आधी ज्याच्यासाठी बनवली त्याच्या फोनवर पाठवते, आणि काय दिसलं ते त्यालाच विचारते.