चाळीस नंबरचे ऑईल

माझ्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत इंजिन ऑईलविषयी एकच वाक्य आहे. त्यात एका विलायती ऑईलचे नाव दिले असून पुढे ‘किंवा त्यास समकक्ष’ असे म्हटले आहे. ते ऑईल निघणे बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, मोटार बनवणारी कंपनीही राहिली नाही, आणि समकक्ष काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, याबाबत पुस्तिका मौन पाळते. माझ्या हाताखालच्या एखाद्या कारकुनाने असा मसुदा केला असता, तर मी तो त्याच्या टेबलावर परत टाकला असता.

जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात मी आयुष्यभर नोकरी केली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मोटार मला तिथेच भेटली. निरगुडसरकडच्या दोन सख्ख्या भावांमध्ये वाटपाचा दावा चालू होता. वडिलांनी हौसेने घेतलेली ही दोन आसनांची, कापडी टपाची, बुटकी लाल स्पोर्ट्स कार दोघांनाही हवी होती. म्हणून निकाल लागेपर्यंत ती न्यायालयाच्या ताब्यात आली आणि आवारातल्या चिंचेखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. तशी ती नऊ वर्षे उभी होती.

त्या नऊ वर्षांत एकदा, घरी विसरलेला चष्मा द्यायला माझी पत्नी आवारात आली. वाऱ्याने ताडपत्री बाजूला सरकली होती. तिने बॉनेटवर तळवा टेकला आणि विचारले, “ही अजून चालत असेल का हो?”

मी म्हणालो, “हात काढ. न्यायप्रविष्ट वस्तू आहे.”

तिने हात काढला, चष्मा दिला आणि ती घरी गेली. दाव्याचा निकाल लागला तेव्हा तिला जाऊन दोन वर्षे झाली होती. ज्या भावाच्या वाट्याला मोटार आली, त्याची हौस तोवर फिटली होती. मी निवृत्त झालो होतो, नियमाची आडकाठी उरली नव्हती. मी मोटार घेतली. कशासाठी, असे नागपूरच्या मुलीने फोनवर विचारले, तेव्हा मी विषय बदलला.

मोटार चालती केली ती नारायणगावच्या एका मिस्त्रीने. तो ट्रॅक्टरची आणि विहिरीवरच्या पंपांची डिझेल इंजिने दुरुस्त करी. रविवारी जुन्नरचा बाजार. त्या दिवशी तो बायकोला बाजारात सोडून माझ्याकडे येई आणि दुपारपर्यंत मोटारीखाली पडून राही. सहा महिन्यांत ती सुरू झाली, तरी त्याचे येणे थांबले नाही. कधी प्लग साफ कर, कधी नुसता आवाज ऐक. काढलेले काळे ऑईल न्यायला गल्लीतले शेतकरी डबे घेऊन उभे राहत. ते बैलगाडीच्या आसाला आणि वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना लावतात. काम झाले की आम्ही ओट्यावर बसून चहा घेत असू. सबंध आठवड्यात माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसणारा तो एकटाच माणूस होता, ही गोष्ट त्या वेळी मी कधी विचारात घेतली नाही.

मोटार तो चाळीस नंबरच्या ऑईलवर चालवी. ट्रॅक्टरला आणि पंपाला घालतात तेच. नंबर जितका मोठा तितके ऑईल दाट. ते मला मुळीच मान्य नव्हते. विलायती स्पोर्ट्स कारला पंपाचे ऑईल घालायचे ते कशाच्या आधारावर, असे मी त्याला विचारले.

त्याने मापाची काडी बाहेर काढली, तिच्यावरचा थेंब अंगठा आणि बोट यांमध्ये चोळला आणि बोटे माझ्यापुढे धरली. “ह्याच्या. भाऊसाहेब, हिचं वय झालंय. आतल्या पार्टात फट पडलीय. पातळ ऑईल त्या फटीत ठरत न्हाई, वाहून जातं. दाट आसलं की बसतं तिथं. आन् आपल्याकडचं ऊन बघा की राव.”

“मग असे लेखी द्या.”

“काय लिवू? माझ्या अंगठ्याला कळलं म्हनून लिवू?”

“सही करा, म्हणजे झाले.”

“आमच्या घरात सही लई जपून करत्यात,” तो हसून म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला.

लेखी आधार नसताना निर्णय घेण्याची मला सवय नाही. मी तीन ऑईल कंपन्यांना पत्रे पाठवली, मोटारीचे वर्ष आणि पुस्तिकेतल्या वाक्याची प्रत जोडून. पहिल्या कंपनीने दिनदर्शिका पाठवली. दुसऱ्या कंपनीला मी चार स्मरणपत्रे लिहिली, पाचव्यात कायद्याची भाषा वापरली, तरी उत्तर आले नाही. नागरिकाने प्रश्न विचारावा आणि संस्थेने गप्प बसावे, हा उद्दामपणा मी नोकरीत पुष्कळ पाहिला होता. घरी बसून तो अधिक झोंबतो. तिसऱ्या कंपनीकडून मात्र शिक्का आणि स्वाक्षरी असलेले पत्र आले. त्यांचे नवे पातळ ऑईल ‘सर्व पेट्रोल वाहनांसाठी उपयुक्त’ आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. सर्व म्हणजे सर्व. मी पुण्याहून डबा मागवला.

मिस्त्रीने पत्र हातात घेतले नाही. डब्याचे झाकण उघडून बोट बुडवले. “पानी हाय हे. नका घालू.”

“शिक्का आहे त्यावर.”

“शिक्का इंजनात टाकता येतोय व्हय?” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून त्याने नुसती मान हलवली. “ठीक. तुमचा कागद, तुमचं इंजन.” आणि त्याने ऑईल बदलून दिले. त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला.

पुढच्या आठवड्यात मी मंचरला निघालो. नारायणगावपर्यंत सगळे ठीक होते. कळंबच्या अलीकडे ऑईलच्या दाबाचा काटा डुलला आणि खाली बसला. इंजिनातून ठोके येऊ लागले. मी गाडी बाजूला घेऊन वाकून पाहिले, तर इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑईलची धार लागली होती. टोमॅटोची खोकी भरलेला एक टेम्पो थांबला. मोटारीला दोर बांधून त्याने मला जुन्नरला आणून सोडले. दोर सोडताना चालकाने विचारले, “पावणं, इतकी भारी गाडी, आन् संगं कोन न्हाई?” मी दोर गुंडाळून त्याच्या हातात दिला.

त्या रात्री रागाने मला झोप आली नाही. परंतु नोटीस मी रागात लिहिली नाही. सकाळी आंघोळ करून, पूर्ण शांतपणे लिहिली, आणि तेच वाईट झाले. ग्राहक न्यायमंचात जायचे, तर आधी नोटीस हवी. कंपनी पहिली सामनेवाली. पण ऑईल ज्याच्या हाताने इंजिनात गेले, त्याला पक्षकार केले नाही, तर तक्रार सदोष ठरते. मिस्त्रीविरुद्ध माझी काहीच मागणी नव्हती. त्याने मंचापुढे येऊन ‘मी नको म्हणालो होतो’ एवढेच सांगायचे होते. ते माझ्या बाजूचेच ठरले असते. म्हणून मी त्याला सामनेवाला क्रमांक दोन केले आणि नोटीस रजिस्टर पोस्टाने नारायणगावला पाठवली. माझ्या दृष्टीने हा निव्वळ रीतीचा भाग होता. रविवारी चहा घेताना त्याला समजावून सांगू, असे मी ठरवले होते.

रविवारी तो आला नाही. सोमवारी पोस्टाची पोचपावती आली. तिच्यावर त्याची सही होती, शाळकरी मुलासारखी, एकेक अक्षर सुटे. ज्या माणसाकडे मी वर्षभर लेखी मागत होतो, त्याचे माझ्याजवळ असलेले एवढेच लेखी.

पुढचे पाच-सहा रविवार मी दोन कप काढून ठेवीत असे. अकरा वाजता एक परत फडताळात ठेवीत असे. बाजाराचा गलबला ओट्यापर्यंत ऐकू येई. एकदा कोथिंबीर घेताना मला त्याची बायको दिसली. नमस्कार न करता ती म्हणाली, “सासरे बांधाच्या भांडनापायी घोडेगावच्या कोर्टात खेटे घालता घालता खपले, भाऊसाहेब. पोस्टमननं कागद आनला तवा सारं गॅरेज बघत व्हतं. त्या दिशी जेवले न्हाईत हे.” तिच्या आवाजात राग नव्हता. ती पुढच्या गाळ्याकडे गेली. मी कोथिंबीर तिथेच विसरून आलो.

यथावकाश कंपनीचे उत्तर आले. सदर ऑईल वाहन-उत्पादकाच्या शिफारशीनुसार वापरावयाचे असल्याने कंपनीची जबाबदारी उद्भवत नाही, आणि सदिच्छा म्हणून त्याच ऑईलचा नवा डबा सोबत पाठवत आहोत. मी ते पत्र फाडले. आयुष्यात मी फाडलेला तो पहिला कागद.

मग मिस्त्रीला पत्र लिहायला बसलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ येथे थांबलो. दुसऱ्या कागदावर ‘सदर नोटीस मागे घेण्यात येत आहे’ असे लिहिले आणि वाचून पाहिले. तीही नोटीसच वाटली. दुपारपर्यंत सहा कागद झाले. हजारो अर्ज मी तपासले असतील, परंतु माझ्याकडून चूक झाली, हे सांगणारा साधा मसुदा मला येत नव्हता. शेवटी टोपी घातली आणि एसटीने नारायणगावला गेलो.

तो एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी एकाने हाक मारली, “ए मिस्त्री, कोर्ट आलंय बघ.” सगळे हसले. तो बाहेर आला, हात पुसत उभा राहिला.

“आता कशाची नोटीस?”

“नोटीस नाही,” मी म्हणालो. “ती मी मागे घेतली. पाठवायलाच नको होती. ऑईल कोणते घालू, ते विचारायला आलो आहे.”

“लिवून देऊ?” त्याने विचारले. बाकावरचे पुन्हा हसले. तो हसला नाही.

“नको. सांगा.”

त्याने बराच वेळ हात पुसले. “चाळीस नंबर. पन आदी खालची टाकी खोला. पातळ ऑईलनं जुना गाळ धुवून काढला आसंल, तो जाळीत आडाकलाय. जाळी साफ करा. मागचं सील बदला. मग वता.” सील आणि एक डबा त्याने आतून आणून दिला. “मला वेळ न्हाई,” तो म्हणाला.

ते काम मी स्वतः केले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मोटारीखाली उताणा पडून, छातीवर कंदील ठेवून. जाळीत खरोखरच काळा चिखल होता. जे काम त्याने एका सकाळीत उरकले असते, त्याला मला अकरा दिवस लागले. काढलेले ऑईल न्यायला कोणी आले नाही. मिस्त्री दिसल्याशिवाय गल्लीला खबर लागत नसे. मीच एका डब्यात भरून ते माझ्या दाराच्या चौकटीला लावले. दाबाचा काटा वर चढून स्थिर राहिला तेव्हा मी सवयीने डावीकडे, मिस्त्री बसे त्या आसनाकडे पाहिले. तिथे फक्त पान्ह्यांची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी टप उघडून मोटार नारायणगावला नेली आणि गॅरेजसमोर उभी केली. इंजिन चालूच ठेवले. मिस्त्रीने लांबून ऐकले. मग जवळ आला, बॉनेटवर तळवा टेकला आणि मान तिरकी करून उभा राहिला. त्याचा हात ऑईलने काळा होता. आठवड्यापूर्वी मी बॉनेट पॉलिश केले होते.

“टॅपेट जरा वाजतंय,” तो म्हणाला.

“रविवारी बघाल?”

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. डोळे मिटून ऐकत राहिला. त्याने हात काढला नाही, आणि तो काढेपर्यंत मी इंजिन बंद केले नाही.