टर्बो बाईला झेपत नाही म्हणे

आजही ते शोरूम आठवलं की माझं डोकं तापतं. नातवंडं म्हणतात, "आजी, बीपीची गोळी घेतलीस का?" घेतली. राग गोळीच्या वरचा आहे.

आमचा धंदा लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा. कसबा पेठेत दुकान. मोठमोठी पातेली, काहिली, पराती तीनचाकी टेंपोत भरायच्या आणि कार्यालयावर पोचवायच्या. टेंपो चालवायची मी. नवऱ्याला गाडी येत नव्हती. सायकलवरून उतरायचं तरी आधी रस्ता मोकळा व्हायची वाट बघणारा माणूस. मोठे दीर हिशेब आणि हुकूम सांभाळायचे. पुढे कात्रजचा घाट ओलांडून पलीकडच्या गावांतून ऑर्डरी यायला लागल्या, टेंपो घाटात धापा टाकायला लागला, आणि पिकअप घ्यायचं ठरलं.

शोरूमला जायचं म्हणून मी इस्त्रीची साडी नेसले होते. अंबाडा, त्यावर गजरा. जणू पिकअपच मला बघायला येणार होती!

विक्रेता तरुण होता. त्याने दोन गाड्या दाखवल्या, एक साध्या इंजिनाची आणि एक टर्बोची. माहिती सगळी नवऱ्याला आणि दिरांना. साध्या इंजिनाला जेवढी हवा आपसूक मिळते तेवढीच. टर्बोत बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ते दोघे माना हलवत होते. मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. अहो, फुंकणी! चुलीला आपली हवा असतेच, पण भिजक्या लाकडाला फुंकणी लागते. जन्मभर दुसरं काय केलं आम्ही?

तोंड उघडणार, एवढ्यात तो म्हणाला, "वहिनी, रंग मात्र तुम्ही निवडा हं."

आणि ही ठार वेडी बाई उठून खरंच रंग बघायला गेली! पांढरा की निळा, यावर हनुवटीला बोट लावून विचारही केला. आज ती मला भेटली तर गजऱ्यासकट कानफटात देईन.

तिथे उभी असताना मागून दिरांचा आवाज आला. "साधीच द्या. चालवणार बाई, तिला टर्बो झेपायचा नाही. पेठेतल्या पेठेत फिरेल. घाटाच्या ऑर्डरींना ड्रायव्हर बोलवू."

नवरा म्हणाला, "हो, तेच बरं."

म्हणजे घाट माझ्याकडून काढून घेतला होता. ज्या टेंपोला मी पहिल्या गिअरमध्ये, आलटून पालटून देवाचं नाव घेत आणि शिव्या देत वर चढवलं, त्याचं हे बक्षीस.

"निळा," मी परत येऊन म्हणाले. "आणि दोन्ही गाड्या उद्या दुकानावर पाठवा. भांडी भरून घाट चढून बघणार."

"वहिनी, ट्रायल इथल्या रस्त्यावर होते. रिकामी."

"रिकामं पातेलं चाखून आमटीची चव कळते का हो?"

दुसऱ्या दिवशी दीर शेजारी बसले, विक्रेता त्यांच्या पलीकडे. साधी गाडी पेठेतून लोण्यासारखी निघाली. घाटात मात्र पातेल्यांच्या वजनाने कण्हायला लागली. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते.

"भाऊजी, उतरून ढकलता का?" मी विचारलं. दीर काचेबाहेर बघत राहिले.

टर्बो उलटी. गल्लीत रुसून बसायची, ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर ऐकायचीच नाही. पण घाटाला लागली, थोडा वेग धरला, आणि भांड्यांसकट अशी उचलली की दिरांनी पुढची दांडी घट्ट पकडली.

"हीच," मी म्हणाले. "गल्लीतला रुसवा मी काढीन."

"ठीक आहे," दीर म्हणाले. "ड्रायव्हर बघतो."

एवढं बघूनही! मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जी भांडी आपटली, ती भाड्याची नव्हती म्हणून बरं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. विक्रेत्याने गाडी सुरू करून दारात आणून उभी केली, खाली उतरला आणि फोटोसाठी नवऱ्याला म्हणाला, "साहेब, बसा ना स्टिअरिंगवर." साहेब बसले. फोटो झाला. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी अडकली, भोंगा वाजला.

"अगं, ये ना," नवरा खिडकीतून म्हणाला.

मी पदर खोचून उभी. "चालवा की. फोटो तर छान आला."

"हे बघा, तमाशा नको," दीर म्हणाले. "घरापर्यंत तुम्ही न्या. घाटाला उद्यापासून माणूस येतोय."

"मग त्यालाच बोलवा. मी थांबते."

भोंगे वाढले. शोरूममधले सगळे बाहेर येऊन बघायला लागले. दीर घामाघूम. अखेर नारळाच्या करवंटीकडे बघत पुटपुटले, "घाटसुद्धा तुम्हीच करा."

"मोठ्याने म्हणा भाऊजी," मी म्हणाले. "इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही."