आत्याच्या घराची इर्जिक

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती न्याहारी उरकून शेळ्या घेऊन माळावर गेली आणि दिवस मावळताना परत आली. त्या मधल्या वेळात तिच्या शेजाऱ्यांनी तिचं घर झाकून टाकलं.

झाकलं म्हणजे खरोखर झाकलं. ओट्यावरच्या खांबांना खिळे ठोकले, वाशांना दोऱ्या बांधल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भलामोठा फ्लेक्स ताणला. फ्लेक्सवर शेजाऱ्यांचा मुलगा, डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले. खाली ‘पाहुण्यांचे सहर्ष स्वागत’. त्या मुलाची सुपारी फुटणार होती. मुलीकडचे लोक पुण्याहून येणार होते आणि नव्या बंगल्याला खेटून आत्याचं मातीचं घर पोपडे सुटलेल्या अंगानं उभं होतं. ते पाहुण्यांना दिसायला नको होतं, एवढंच. आत्याला कुणी विचारलं नाही. दारसुद्धा फ्लेक्सखाली गेलं. संध्याकाळी पाहुणे अंगणात चहा पीत होते आणि ही बाई फ्लेक्सचा कोपरा उचलून, वाकून, शेळ्यांच्या मागोमाग स्वतःच्याच घरात शिरली.

“वयनी, दोन दिसाचा तर परश्न हाय,” शेजारी म्हणाले. “आपल्याच आळीची शोभा की.”

दोन दिवसांनी त्यांनी फ्लेक्स ओढून काढला, तेव्हा दोरीबरोबर भिंतीचा आणखी एक मोठा तुकडा खाली आला. तोही त्यांनी उचलला नाही.

हे घर मार्गासनीच्या अलीकडे, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून आहे. मी राहते भोरला. आम्ही चारपाच जण मिळून पत्रकं काढतो. एसटीची फेरी बंद केली, काढा पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाही, काढा पत्रक. डेपोच्या दारात उभं राहून वाटायची, लोक घडी करून खिशात घालतात. त्यात शेंगदाणे बांधून खातात, हेही मला माहीत आहे. तरी काढायची.

नसरापूरला गाडी बदलून मी आत्याकडे पोचले तेव्हा ओटा रिकामा होता. हे मला त्या पडलेल्या भिंतीपेक्षा जास्त लागलं. आत्याला मूलबाळ नाही. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून तिचं बोलणंचालणं सगळं त्या ओट्यावर चालायचं. संध्याकाळी शेळ्या बांधल्या की ती पाय सोडून बसणार, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला अडवणार, कुणाची सून बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, सगळं विचारून घेणार. एसटीचा ड्रायव्हर तिला हात केल्याशिवाय पुढे जात नसे. ती बाई आता मागच्या दारात, गोठ्याकडे तोंड करून बसली होती.

“पुढं का बसत नाहीस?” मी विचारलं.

“काय करू पुढं बसून? घर झाकायाजोगं हाय म्हनं. मंग मानूस तरी कशाला उघडं बसवायचं?”

मी ठरवलं. घराचं दर्शनी अंग पुन्हा उभं करायचं आणि या बाईला ओट्यावर बसवायचं. पैसा जवळजवळ नव्हता. तिच्याकडे शेळ्या होत्या, माझ्याकडे झेरॉक्सवाल्याची उधारी होती. भोरच्या रंगाच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं पाऊस अडवणाऱ्या रंगाचं एवढं कौतुक केलं आणि किंमत अशी सांगितली की त्यापेक्षा आत्याला नवीन शेळ्यांचा कळप घेऊन देणं परवडलं असतं. सिमेंटचं नावच नको होतं. ते आधी एकदा होऊन गेलं होतं. कुठल्याशा मिस्त्रीनं आत्याच्या गळी उतरवून पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला होता. मातीच्या भिंतीवर सिमेंट म्हणजे भर उन्हात रेनकोट. आतला ओलावा बाहेर पडायला जागाच नाही. आमच्याकडचा पाऊस, ती आडवी झड, चार महिने पाणी आत शिरत राहतं आणि एक दिवस गिलावा मागच्या मातीला घेऊनच सुटतो. आत्याच्या घराचं कुरूपपण मातीचं नव्हतंच. ते त्या सिमेंटचं होतं. हे मी त्या दुकानात मोठ्यानं सांगितलं. दुकानदारानं चुनकळीची पिशवी काढून दिली आणि म्हणाला, “बरं ताई, हे घ्या, पण हळू बोला, गिऱ्हाईक बसलंय.”

म्हणजे चुना आला. माती आत्याच्या परड्यात होती. भाताचं तूस गिरणीवाला फुकट देत होता, शेण शेजारच्या गोठ्यांतून मिळणार होतं. उरली माणसं. माणसांसाठी मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं.

‘घर झाकणाऱ्यांनो, जाब द्या!’ असं वर. खाली घटना, तारीख, वेळ, आणि शेवटी आवाहन: रविवारी सकाळी घमेलं घेऊन या, एका कष्टकरी बाईच्या सन्मानासाठी. चांगलं पत्रक होतं. आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. देवळाच्या खांबाला लावलं, डेअरीवर लावलं, किराणा दुकानात वाटलं.

रविवारी कुणी आलं नाही.

कुणी नाही म्हणजे एक म्हातारबाबा आले, पण तेही चहाला. ओट्याच्या कडेला टेकून म्हणाले, “लिवलंयस झ्याक. माज्या नातवानं दोनदा वाचून दावलं.”

“मग बाबा, माणसं कुठं आहेत?”

“आता बाय, तूच इचार कर. त्येंच्याकडं लगीन हाय. आख्ख्या गावाला आवतान हाय. हितं भिंतीला हात लावायचा आन तिथं पंगतीला बसायचं, कसं जमायचं?”

“म्हणजे जेवणासाठी अन्याय सहन करायचा?”

“जेवान न्हाई गं. बसायला लागतं शेजारी. रोजचं.” बशीतला शेवटचा घोट संपवून ते गेले.

त्याहून वाईट पुढे होतं. आत्यानं चुलीपाशी पडलेलं पत्रक उचललं. तिला वाचता येत नाही.

“यात मी हाय का?”

“आहेस की. पीडित म्हणून.”

“म्हंजे काय?”

“जिच्यावर अन्याय झाला ती.”

तिनं कागद उलटासुलटा करून बघितला. “म्हंजे ज्यांनी माजं घर झाकल्यालं बघितलं नव्हतं, त्येंला बी आता कळलं म्हन की.”

मी चिडले. तिच्यावर, गावावर, त्या चहा पिऊन गेलेल्या बाबांवर. दोन महिने माझं आणि तिचं फोनवर जेमतेम बोलणं होत होतं. पण मी जात राहिले. सुटीच्या दिवशी छन्नी-हातोडी घेऊन सिमेंट खरवडायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. परड्यात खड्डा घेतला, माती चाळून त्यात टाकली, तूस आणि शेण घातलं, पाणी सोडलं आणि कुजू दिलं. वास असा यायचा की शेळ्यासुद्धा तोंड फिरवायच्या. तुळशीचं लग्न लागलं, भात काढणी झाली, मळणी झाली, आणि एका रविवारी आत्याच म्हणाली, “आता मानसं मोकळी झाली. इर्जिक घालू.”

इर्जिक म्हणजे, शहरातल्या वाचकांसाठी सांगते, ज्याचं काम अडलं त्यानं गावाला बोलवायचं, गावानं एक दिवस मजुरीशिवाय राबायचं आणि घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. शेताच्या कामाला घालतात. भिंतीला इर्जिक मी तरी ऐकली नव्हती. आत्यानं नवं लुगडं नेसलं आणि आवतण द्यायला निघाली. मी मागोमाग. ती पायरी उतरली, डावीकडे वळली आणि सरळ बंगल्याच्या फाटकात शिरली.

मी तिचा दंड धरला. “इथं? आधी इथं?”

“मंग कुठं?”

“ज्यांनी झाकलं त्यांना बोलावणार? त्यांनी आधी माफी मागायला पाहिजे!”

“इर्जिकीचं आवतान भिंतीला भिंत असल्याल्या घरापास्नं निघतंय. त्येला सोडून पुढं गेले तर दुसरं कोन यील? तुज्या कागदानं त्येच केलं. समद्यांना बोलावलं आन यालाच वगळलं.”

माझ्याकडे उत्तर होतं. मोठं होतं, मुद्देसूद होतं. ती फाटकातून आत गेली होती.

दोन दिवसांनी सकाळी ऊन ओट्यावर यायच्या आत शेजारीण घमेलं घेऊन हजर. तिच्या मागोमाग आळी, मग वरच्या वस्तीवरची मेंढरं राखणारी मंडळी, मग त्या रविवारी चहाला आलेले बाबा, यावेळी फावडं घेऊन. शेजारीही आले. काखेत एक गुंडाळी. “माती तुडवाया खाली काय तरी पायजे ना,” म्हणत त्यांनी ती अंगणात उलगडली.

तोच फ्लेक्स. गॉगल, जोडलेले हात, सहर्ष स्वागत.

शेजाऱ्यांनी ते मुद्दाम केलं का नकळत, हे मला अजून समजलेलं नाही. आमच्याकडे जुना फ्लेक्स कशालाही वापरतात, गवताच्या गंजीवर टाकतात, गळक्या गोठ्यावर टाकतात, त्यामुळे खरंच हाताला लागला तो आणला असेल. पण सगळ्यांची नजर आधी फ्लेक्सवर आणि मग आत्याकडे गेली. चारजणांनी खड्ड्यातली कुजलेली माती आणून बरोबर नवरदेवाच्या छातीवर ओतली. तुडवायला बायका पुढे झाल्या आणि शेजारीण जागच्या जागी उभी. पोटच्या पोरावर पाय कसा द्यायचा?

वरच्या वस्तीवरच्या एका म्हातारीला काय ते कळलं. “आगं ये, थांबलीस का? तुजंच हाय न्हवं ते! ल्हानपनी कमी तुडवलंस का?”

हशा पिकला तो असा की झाडावरचे कावळे उठले. शेजारीण लाल झाली, मग तिलाही हसू आवरेना. तिनं पदर खोचला आणि पाय टाकला.

“नाकावर देऊ नगंस गं,” आत्या ओट्यावरून ओरडली. “नाक बसकं झालं तर पोरगी न्हाई म्हनंल.”

“आन गागल फुटला तर?” दुसरी.

“हुंड्यात मागून घिऊ नवा!”

“मागून तर बघ, ही भोरची बाय कागुद चिकटवंल तुज्या दारावर!” बाबा म्हणाले, आणि हसण्याची पुढची लाट माझ्यावर आली. मी हसले. काय करणार? पत्रकाची इतकी दखल कुठल्या साहेबानं कधी घेतली नव्हती.

तेवढ्यात नवरदेव खुद्द मोटारसायकलवरून आला. गाडी लावली, बघितलं, आणि आईला म्हणाला, “आये! माज्या थोबाडावर काय करतीयास?”

“तुजी हळद आधी उरकून घेतीय. ये, हात लाव.”

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो स्वतःच्या तोंडावर उतरला. पोरगा वाईट नाही. फ्लेक्स त्यानं लावलाही नव्हता.

मग काम जे सुटलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. भिंत आधी पाणी मारून भिजवायची, मातीचा गोळा हातात घ्यायचा आणि जोरानं भिंतीवर मारायचा, म्हणजे तो भेगांत शिरतो. मग तळव्यानं पसरायचं. पुढची भिंत झाली, झडीच्या बाजूची झाली. दोघं छपरावर चढून फुटकी कौलं बदलत होते. आळीतलं एक घर पाडलं होतं, त्याची कौलं रचून ठेवलेली होती, ती आणली. मागची भिंत राहिली. माती संपली आणि माणसं दमली. आत्यानं बोकडाचं मटण, भाकरी आणि भात वाढला. शेजारी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेत होते आणि मी वाढत होते. माझ्या हातून पळी जरा जोरात आपटली असेल.

माफी त्यांनी मागितली नाही. हे मी लिहूनच ठेवते, कारण पुढे लोक म्हणतील की सगळं गोडीगुलाबीनं मिटलं. नाही मागितली. भेगा बुजवून झाल्या, भिंत वाळली, भिंतीला धरावा म्हणून भाताची पेज घातलेल्या चुन्याचे हात मारून मी घर पांढरंशुभ्र केलं, तेव्हा ते एक अर्धा भरलेला डबा घेऊन आले. बंगल्याचा उरलेला ऑइलपेंट. पिस्ता रंग.

“भिंतीला लाव, वयनी. फुकाट हाय.”

“भिंतीला नाही चालणार,” मी म्हटलं. “पुन्हा कोंडेल.”

“मंग दाराला लाव,” आत्या म्हणाली.

दार पिस्ता, खांबही पिस्ता. मला तो रंग आवडला नाही, अजून आवडत नाही. पण घर तिचं आहे आणि दार उघडणार तीच आहे. खांबांवरच्या खिळ्यांच्या भोकांत शेजाऱ्यांनी स्वतः लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, हेही सांगायला हवं. न सांगता भरली, घासली, आणि मग रंगाचा ब्रश घेतला.

त्यानंतर आठवड्यानं मी एसटीतून उतरले. ऊन कलतं होतं आणि चुन्याची भिंत इतकी उजळ होती की डोळे बारीक करावे लागले. ओट्यावर आत्या पाय सोडून बसली होती, पुढ्यात सुपात पावट्याच्या शेंगा. सायकलवरून जाणाऱ्या एकाला तिनं अडवून ठेवलं होतं.

“मान वर करून बघाया काय झालं? घर दिसतंय ना?”

“दिसतंय की काकी.”

“मंग बोल की त्येच्यावर काय तरी! आन तुजी म्हस कशी हाय?”

मी तिच्याशेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. गाडी वळून वेल्ह्याकडे गेली, ड्रायव्हरनं हात केला. मला आत्ता लिहितानाही बरं वाटतंय. माझ्यासारखीला हे सहसा लिहिता येत नाही.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, वाचून हळहळणारे. तुमच्या आळीत एक जुनं घर आहे. तुम्हाला ते माहीत आहे, पाहुणे आले की तुम्ही त्यांना दुसऱ्या रस्त्यानं नेता. येत्या रविवारी त्या घराच्या दारात जा. रंग घेऊन जाऊ नका, सल्ला तर अजिबात नको. त्या घरच्या माणसाला आधी विचारा, “तुम्हाला काय करून हवंय?” आणि जे सांगतील ते, तुम्हाला आवडो न आवडो, स्वतःच्या हातानं करून द्या.