पितृपक्षातली गाडी

कुंदाकाकूंना गाडी लागायची. रोडपाली ते पनवेल एवढ्याशा अंतरातही त्या पुढच्या सीटवर डोळे मिटून, नाकाशी लिंबाची फोड धरून बसायच्या. आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या याच बाईने लोकांना घेऊन दिल्या होत्या. स्वतःची एकही नाही. पण गाडी घ्यायची म्हटलं की सगळे त्यांच्या दारात. माझं दार त्यांच्या दारासमोरच, त्यामुळे कोण कधी आलं ते मला दिसायचंच. माझ्याकडे कोणी येत नसे.

का येत नसे? मी ग्राहक हक्कांचं काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, कळंबोलीच्या चौकात उन्हात उभी राहून वाटते. ‘विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही!’ ‘हाताळणी शुल्क कशाबद्दल? जाब विचारा!’ आमच्याच मजल्यावरच्या सावंतांनी माझ्या पत्रकाची घडी करून डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सारली आणि गाडी घ्यायला काकूंना घेऊन गेले. आल्यावर पेढे मलाही दिले. मी ते खाल्ले नाहीत.

काकूंची पद्धत ठरलेली. “दसऱ्याला गाडी घरी आणायची. घ्यायची मात्र पितृपक्षात.” पितृपक्षात आपल्याकडे कोणी नवी वस्तू घेत नाही, शोरूममध्ये माशा मारत बसलेले असतात, आणि मग जी सूट दसऱ्याच्या गर्दीत हात जोडूनही मिळत नाही ती आपणहून पुढे येते. हे ऐकून लोक दचकायचे. काकू स्वतः नेमाने श्राद्ध घालणाऱ्या, कावळ्याची वाट बघत गच्चीत ताटकळणाऱ्या. त्यांचं उत्तर तयार असे, “माझे वडील जन्मभर मला सांगत होते, कुंदे, फसू नकोस. मेल्यावर काय सांगणार, फस म्हणून?”

आणखीही सांगायच्या. “शोरूममध्ये जेवून जावं. भुकेला माणूस सही लवकर करतो.” “आपल्याला जी देणार तीच गाडी यार्डात जाऊन बघावी, कोणत्या महिन्यात बनली ते विचारावं. उन्हात सहा महिने उभी असेल तर तसे पैसे कमी करायला लावावेत.” आणि एक मला मुळीच न पटणारं, “गाडी काय नि मुलगी काय, बघायला गेल्यावर आवडली म्हणू नये. चहा घ्यावा नि कळवतो म्हणून उठावं.” यावरून मी त्यांच्याशी जिन्यात भांडले. त्या हसल्या. “बरं बाई, मुलगी काढून टाकते. गाडीचं तेवढं खरं आहे ना?” खरं होतं, हाच तर त्रास!

मग आमचे बाबा निवृत्त झाले. तळोज्याच्या कारखान्यात जन्म गेला, जायचे-यायचे कंपनीच्या बसने. आमच्या घरातली ती पहिली गाडी. मी फाइल काढून बसले, चार शोरूमचे दर समोर मांडले. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी कुंदावहिनींना विचारलंय.”

“आणि मी?”

“तू आलीस तर भांडण मिळेल गं. मला गाडी हवीय.”

पोटच्या पोरीला बापाने असं सांगावं! मी गेलेच, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. त्याच शोरूमच्या दारात वर्षभरापूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या होत्या. तिथला सेल्समन दिनेश, करंजा गावचा मुलगा, मला बघून ताठला. काकूंना बघून मात्र खुर्ची ओढून पुढे आला. काकूंनी आधी लिंबाची फोड पर्समध्ये ठेवली, मग डबा काढला. आदल्या दिवशी त्यांच्या यजमानांचं श्राद्ध होतं.

“उडदाचे वडे आहेत. श्राद्धाचे. चालतात ना रे?”

“न चालायला काय झालं? आमच्या घरी पण परवाच झाले. आमी खातो की.”

“आज कितीजण येऊन गेले?”

“कोन येतंय काकू? सकाळपासून तुमीच.”

वडे खाता खाता त्याने सांगितलं की महिन्याचं टार्गेट निम्मंही झालेलं नाही. काकू फक्त “अगं बाई” म्हणाल्या. कोटेशन आलं. त्यात हाताळणी शुल्काची, म्हणजे गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणल्याच्या पैशांची, ओळ होतीच. माझ्या जिभेवर सगळं पत्रक तयार. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय रे बाळा? तुझ्या आईने गाडी घेतली तर तिला लावशील?”

दिनेश आत मॅनेजरकडे गेला आणि ओळ खोडून आला. मग सूट वाढली, विमा आम्ही बाहेरून काढणार तेही कबूल झालं. मी वर्षभर ज्या ओळीविरुद्ध घसा फोडला ती दोन वड्यांवर गेली. बाबा येताना तीनदा म्हणाले, “वहिनी, तुम्ही होतात म्हणून.” दसऱ्याला गाडी दारात आली. पहिला नारळ बाबांनी काकूंच्या हातून फोडून घेतला.

मी जळले. अजून जळते, त्याची मला लाज नाही. कारण माझा मुद्दा आजही तोच आहे. जे माणसाला हक्काने मिळायला हवं ते कुणाच्या तरी गोड बोलण्याने का मिळावं? ज्याच्या शेजारी कुंदाकाकू राहत नाहीत त्याने काय करायचं? हे मी काकूंना तोंडावर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यांच्यासाठी तू आहेस ना. मी आपली आपल्या बिल्डिंगपुरती.” त्यांनी हे मनापासून म्हटलं, म्हणून जास्तच लागलं.

यंदा श्रावणात काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. जाताना त्या ज्या रुग्णवाहिकेत बसल्या तिच्यातही पदराला लिंबू बांधून घेतलं होतं.

पुढच्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पार्करभाभी माझ्या दारात आल्या. यांचे मियाँ कतारला, गाडी भाभीच घेणार. “आमच्यात कुठे पितृपक्ष? पण काकू बोलून गेल्यात, याच दिवसांत जा. आता तूच चल, बेटा. फक्त जरा प्यार से बोल, हां?”

पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दारात आलं होतं, आणि तेही काकूंच्या सांगण्यावरून.

शोरूम तसंच रिकामं होतं. दिनेश उठून उभा राहिला आणि आमच्या मागे दाराकडे बघत राहिला. “काकू नाय आल्या?”

“गेल्या त्या. श्रावणात.”

तो आमच्यासाठी पाणी आणायला गेला आणि बऱ्याच वेळाने, पाणी न आणताच परत आला. कोटेशन काढलं. ती ओळ त्यात छापलेलीच होती. मी तोंड उघडणार तोच त्याने खिशातून पेन काढलं आणि आपल्या हाताने ती खोडली.

“का खोडलीत?” मी विचारलं.

“काकूंसाठी.”

“काकूंसाठी नाही. ते पैसे घेणं चूक आहे म्हणून खोडा. उद्या कोणी येईल, ज्याला काकू माहीतच नाहीत, त्याचीही खोडाल?”

“बस, बेटा,” भाभींनी टेबलाखाली माझा हात दाबला.

दिनेशने पेनाचं टोपण लावलं. “तुमचं बरोबर हाय मॅडम. पण आज कोनासाठी खोडलं ते माझं मला राहू द्या.”

माझ्यामागे माझ्या नावाने कोणी एखादी ओळ खोडेल का, एवढंच मनात आलं. निघताना मी माझं पत्रक त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं.

“चांगलं लिवलंय,” तो म्हणाला. “हेच तुमी कधी डबा घेऊन, बसून सांगितलं असतं तर...”

“मला वडे येत नाहीत,” मी म्हणाले.